मिसिसिपी जॉन हर्ट १९२८ ते १९६३ होता तरी कुठे?

सहावी तार

मंडळी, एक प्रश्न दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये.

गिटार हातात घेऊन मला सात महिने झाले. सध्या मिसिसिपी जॉन हर्ट या जुन्या ब्लूज गायक-गिटारवादकाच्या मागे लागले आहे (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं). त्याचा उजवा अंगठा जाड तारांवर आळीपाळीने पडत राहतो, कधी चुकत नाही, आणि त्याच वेळी वरची दोन बोटं बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात. ऐकताना दोन माणसं बसलीत असंच वाटतं. माझा अंगठा मात्र चाल जरा अवघड झाली की बोटांच्या मागे धावतो. म्हणून रोज अर्धा तास नुसत्या अंगठ्यासाठी ठेवला आहे.

परवा त्याची १९२८ ची रेकॉर्डिंगं आणि तीच गाणी साठच्या दशकातली, अशी एकामागोमाग एक ऐकली. आधीच्यात खरखर आहे आणि लय चढी आहे. नंतरच्यात आवाज खाली उतरलाय, सगळं निवांत झालंय. पण अंगठा तोच! मध्ये पस्तीस वर्षं गेलीत हे त्या अंगठ्यावरून कळत नाही.

वाचायला जावं तर सगळीकडे तेवढंच मिळतं: १९२८ साली रेकॉर्ड केली, मग 'गायब', मग १९६३ साली 'शोध लागला'. इतकं वाजवू शकणारा माणूस मधल्या काळात करत काय होता? आणि बाकीचे जुने ब्लूजवालेही असेच नाहीसे झाले होते का? कुणी नीट सांगाल का?

जुनी तबकडी

'गायब' हा शब्द मला फार खटकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

हर्ट कुठेही गेला नव्हता. मिसिसिपी राज्यात ग्रीनवूड आणि ग्रेनाडा या दोन गावांच्या मध्ये ॲव्हलॉन नावाचं खेडं आहे, तिथेच होता. शेतात राबत होता, गुरं सांभाळत होता, आणि शनिवारी कुणाकडे नाच असला की वाजवत होता. गावात विली नार्मर नावाचा गोरा फिडलवादक होता, हर्ट कधीकधी त्याच्या साथीला बसायचा. या नार्मरनेच ओके नावाच्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाला हर्टचं नाव सुचवलं. त्यावरून १९२८ च्या फेब्रुवारीत मेम्फिसला आणि डिसेंबरात न्यूयॉर्कला त्याची गाणी रेकॉर्ड झाली. नावाआधीचं 'मिसिसिपी' कंपनीने चिकटवलं, खप वाढावा म्हणून. खप काही वाढला नाही. पुढच्याच वर्षी मंदी आली.

या रेकॉर्ड घेणारी माणसं कोण होती ते लक्षात घ्या. रेकॉर्डची किंमत साधारण ७५ सेंट. डेल्टातलं, म्हणजे मिसिसिपीच्या कापसाच्या पट्ट्यातलं, गिऱ्हाईक म्हणजे वाट्याने जमीन कसणारी काळी कुटुंबं. जमीन मालकाची, बियाणं आणि खेचर मालकाचं, वाणसामान मालकाच्या दुकानातून उधारीवर. वर्षअखेरीला कापूस विकला की हिशोब व्हायचा, आणि वही मालकाच्या हातात. वर्षभर राबूनही नावावर देणंच निघायचं, असं कितीतरी घरांत. मंदीत कापसाचा भाव कोसळला तेव्हा या घरांनी आधी काय बंद केलं असेल? रेकॉर्ड घेणं. कंपन्यांनी मग नव्या माणसांना बोलावणं थांबवलं. १९६३ पर्यंतच्या हर्टच्या आयुष्यात स्टुडिओतले दिवस एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच होते. तोवरचं बाकी सगळं आयुष्य ॲव्हलॉनचं.

१९५२ मध्ये हॅरी स्मिथने जुन्या रेकॉर्डमधून निवडून अमेरिकन लोकसंगीताचा मोठा संच काढला. त्यात हर्टची दोन गाणी होती. शहरांतली तरुण मुलं ती ऐकून वेडी झाली. हा माणूस केव्हाच वारला असणार, असंच त्यांना वाटत होतं. त्याच्या एका गाण्यात ॲव्हलॉन हे आपलं गाव असल्याचं तो स्वतः सांगतो. त्यावरून टॉम हॉस्किन्स नावाच्या अशाच एका तरुणाने जुन्या नकाशात गाव हुडकलं आणि १९६३ साली गाडी काढून तिथे गेला. गावातल्या दुकानात चौकशी केली, तर लोकांनी रस्ता दाखवला आणि टेकडीवरची तिसरी टपालपेटी म्हणून खूण सांगितली. पस्तीस वर्षं 'गायब' असलेल्या माणसाचा पत्ता इतका सरळ होता!

हर्ट आधी घाबरला. एफबीआयचा माणूस आलाय असं त्याला वाटलं. त्या काळच्या मिसिसिपीत अनोळखी गोरा माणूस काळ्या माणसाचं घर शोधत आला तर दुसरं काय वाटणार? त्याच्याकडे तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती. हॉस्किन्सने आपली गिटार दिली, आणि सत्तरीच्या घरातल्या त्या माणसाने ती वाजवली. त्याच उन्हाळ्यात तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांसमोर बसला होता. नोव्हेंबर १९६६ मध्ये वारला. म्हणजे जगाला तो जेमतेम तीन वर्षं मिळाला.

सन हाउस हा दुसरा जुना ब्लूजवाला, त्याचं वेगळं झालं. तो आधी चर्चमध्ये प्रवचन करायचा, गिटार विशीच्या उत्तरार्धात हातात घेतली. १९३० साली चार्ली पॅटन या ब्लूजवाल्याबरोबर विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला जाऊन पॅरामाउंटसाठी गायला. पॅरामाउंट म्हणजे मुळात एका खुर्च्यांच्या कारखान्याची शाखा. ग्रामोफोनची कपाटं बनवता बनवता ते रेकॉर्डच्या धंद्यात आले. माल हलका वापरायचे, म्हणून त्यांच्या रेकॉर्डवर इतकी खरखर. सन हाउस पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेला, रेल्वेत कामाला लागला आणि हळूहळू वाजवणं सोडून दिलं. १९६४ च्या जूनमध्ये तिघा तरुणांनी त्याला शोधलं, तेव्हा स्वतःची गाणी त्याच्या हातातून गेली होती. ॲलन विल्सन नावाच्या विशीतल्या मुलाने जुन्या रेकॉर्डवरून ती बसवली होती, त्याने सन हाउसच्या समोर बसून त्यालाच ती दाखवली. हे दृश्य मी कितीदा मनात पाहिलं असेल!

कोमल गंधार

वरती छान लिहिलंय. स्किप जेम्स हा आणखी एक ब्लूजवाला राहिला, तो मी लिहितो, कारण माझा जीव त्याच्यात अडकलाय.

गाव बेंटोनिया, तेही मिसिसिपीतच. १९३१ च्या सुरुवातीला ग्राफ्टनला गेला आणि गिटार-पियानोवर जे गायला त्यातल्या १८ बाजू निघाल्या (तबकडीच्या एका बाजूला एक गाणं). मंदीमुळे त्या खपल्याच नाहीत. तो खचला, वडिलांच्या मागे चर्चच्या कामाला लागला आणि ब्लूज बाजूला पडला. जून १९६४ मध्ये, म्हणजे सन हाउस सापडला त्याच महिन्यात, तो ट्युनिकाच्या एका हॉस्पिटलमध्ये सापडला, आजारी. पुढच्याच महिन्यात न्यूपोर्टला गायला. वरच्या पट्टीतला तो बारीक आवाज अंगावर काटा आणतो. हर्टच्या गाण्यात जो ओलावा आहे तो इथे शोधू नका. इथे माणूस एकटा आहे.

तुम्ही वाजवता म्हणून सांगतो. त्याच्या उघड्या तारा मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या जुळणीत, लावलेल्या असतात. नेहमीच्या जुळणीतून सहावी तार ई वरून डी, तिसरी जी वरून एफ, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी. चौथी-पाचवी तशाच. कुठेही बोट न ठेवता सहाही तारा छेडा, खोलीचा रंगच बदलतो. मग तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला (पडद्याला) बोट ठेवून दाबा-सोडा. शुद्ध गंधार, कोमल गंधार. ब्लूजवाले या दोघांच्या मधल्या फटीत गातात, तार किंचित ओढून किंवा गळ्याने. ती जागा पेटीवर मिळत नाही.

दुसरी बाजू

थोडी भर घालते, कारण असे धागे गिटारवाल्या पुरुषांपाशीच थांबतात. या सगळ्यांना स्टुडिओची दारं उघडली ती बायकांमुळे. ऑगस्ट १९२० मध्ये मेमी स्मिथ या गायिकेने ओकेसाठी गायलेली रेकॉर्ड प्रचंड खपली, तेव्हा कुठे काळे लोकही रेकॉर्ड घेतात हे कंपन्यांना उमगलं. मग मा रेनी, बेसी स्मिथ. बेसी तर भरल्या तंबूत मायक्रोफोनशिवाय गायची. १९३७ साली क्लार्क्सडेलजवळ तिच्या मोटारीला अपघात झाला आणि ती गेली. गोऱ्यांच्या हॉस्पिटलने तिला परत पाठवलं ही गोष्ट अजून सांगितली जाते, ती खरी नाही. तिला काळ्यांच्याच हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. खरं आणि जास्त वाईट हे की तिच्या कबरीवर १९७० पर्यंत दगड नव्हता. मग रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन आणि ह्वानिता ग्रीन यांनी पैसे घातले.

सहावी तार

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसऱ्या टपालपेटीपाशी मी थांबलेच.

काल रात्री ते ॲव्हलॉनचं गाणं पुन्हा लावलं. आजवर शब्दांकडे लक्षच दिलं नव्हतं, कान सगळा अंगठ्याकडे. गाणं १९२८ च्या डिसेंबरातलं, न्यूयॉर्कला रेकॉर्ड केलेलं. त्यात तो म्हणतो की न्यूयॉर्क चांगलं आहे, पण माझ्यासाठी नाही, मी ॲव्हलॉनला परत चाललो. म्हणजे कुठे जाणार ते त्याने तिथेच, त्यांच्याच रेकॉर्डवर सांगून ठेवलं होतं. आणि तो तिथेच गेला.

कोमल गंधार, तुमची जुळणी करून पाहिली. तिसरी तार एफवर आणली की सैल पडून फ्रेटवर खडखडते. काय करू?

कोमल गंधार

तारांचा एक नंबर जास्त जाड संच लावा. तोवर उजवा हात हलका ठेवा, तार उपसू नका, नुसती सोडा.