सिंगर-साँगरायटर : लोकगायक, शाहीर की वाग्गेयकार?

प्रश्न : हँक विल्यम्सवर लेख लिहितो आहे. अमेरिकन कंट्री संगीतातला फार मोठा माणूस. १९२३ साली अलाबामात जन्मला आणि १ जानेवारी १९५३ ला, ओहायोतल्या कार्यक्रमाला निघालेला असताना, गाडीच्या मागच्या सीटवरच वारला. वय अवघं २९. स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा, स्वतः गायचा, म्हणजे इंग्रजीत 'सिंगर-साँगरायटर'. आपल्याकडे अशांना सरसकट 'लोकगायक' म्हणतात, ते पटत नाही. 'शाहीर' चालेल का?

उत्तर : 'लोकगायक' नकोच. लोकगीताचा कर्ता बहुधा ठाऊक नसतो, पिढ्यान्‌पिढ्या ते घासून गुळगुळीत होतं. हँकची गाणी नॅशव्हिलच्या अकफ-रोझ या प्रकाशन कंपनीकडे त्याच्या नावावर होती आणि कंपनीचा भागीदार फ्रेड रोझ ती तपासून, डागडुजी करून देत असे. शाहीर जवळचा वाटतो खरा, पण तो डफावर थाप मारून समोरच्या गर्दीला हाक घालतो. 'आय'म सो लोन्सम आय कुड क्राय' हे हँकचं गाणं झोप उडालेल्या एकट्या माणसाचं आहे.

मी 'वाग्गेयकार' सुचवेन. वाक् म्हणजे शब्द, गेय म्हणजे चाल. दोन्ही रचणारा तो वाग्गेयकार. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शारंगदेवाने 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात याची चर्चा केली आहे. दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवणाऱ्याला तो 'कुट्टिकार' म्हणतो. हे हँकला किती नेमकं लागू पडतं पाहा! 'जांबालाया'ची चाल लुइझियानातल्या केजन लोकांच्या 'ग्राँ तेक्सास' या गाण्याची आहे, म्हणजे तिथे तो कुट्टिकार. 'आय'म सो लोन्सम आय कुड क्राय'मध्ये मात्र पुरा वाग्गेयकार. त्याचं 'कोल्ड, कोल्ड हार्ट' १९५१ मध्ये टोनी बेनेट या पॉप गायकाने व्हायोलिनांच्या ताफ्यासह गायलं आणि ते कंट्री न ऐकणाऱ्यांच्याही तोंडी बसलं. गायक बदलला, बाज बदलला, तरी रचना टिकली. हँकचा वारसा मला यातच दिसतो.

आणखी एक मत : शब्द नेमका आहे, पण त्याला शास्त्राचा वास येतो. वाचकाला आधी कर्नाटक संगीतातले त्यागराज आठवतील. हँक तर रूफस पेन ऊर्फ 'टी-टॉट' या कृष्णवर्णीय रस्त्यावरच्या वादकाकडे गिटार शिकला आणि दारूच्या गुत्त्यांमधून गात वर आला.

उत्तर : तुमचं म्हणणं रास्त आहे, पण व्याख्येत गुत्ता की मंदिर याचा विचारच नाही. अडचण दुसरीकडे आहे. ११ जून १९४९ ला 'ग्रँड ओल ऑप्री' या नॅशव्हिलमधल्या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाच्या रंगमंचावर ज्या गाण्याने वन्समोअरवर वन्समोअर घेतले, ते 'लव्हसिक ब्लूज' त्याचं नव्हेच. १९२२ सालचं, क्लिफ फ्रेंड आणि अर्विंग मिल्स यांचं. तेव्हा लेखात इतरत्र 'वाग्गेयकार' लिहा, त्या परिच्छेदात नुसतं 'गायक'.