स्पीकरची केबल बदलून आवाज सुधारतो का?

खर्ज
घरच्या सिस्टीमवर खर्च करताना केबलला किती महत्त्व द्यायचं, यावर माझं मत रोखठोक आहे. स्पीकरला पुरेशी जाड तांब्याची तार लावा आणि विषय संपवा. अडीच चौरस मिलिमीटरची तार पाच मीटर नेली तर जाऊन-येऊन रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) जेमतेम ०.०७ ओहम भरतो. त्याची काळजी नको. तेवढ्याच अंतरावर अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तार टाकली की तो ०.३५ ओहमच्या आसपास जातो, आणि मग पंचाईत होते. स्पीकर 'आठ ओहमचा' हे फक्त खोक्यावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात एखाद्या फ्रिक्वेन्सीला तो तीन ओहमवर उतरतो, दुसरीकडे वीसवर चढतो. बारीक तारेवर तीन ओहमच्या जागी आवाज जवळपास १ डेसिबलने पडतो, वीसच्या जागी फक्त ०.१५ने. न विचारता टोन कंट्रोल फिरवल्यासारखंच झालं ते.

एक सूचना. 'तांब्याची' म्हणून घेतलेली तार सोला आणि एखादा धागा ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. चालतं, पण जाडी वाढवून घ्यायची.

उरलेले पैसे स्टँड आणि जाड गालिच्यावर घाला.

कोमल निषाद
साफ असहमत. सगळं रेझिस्टन्सवर तोलायचं तर कान कशाला हवेत? कपॅसिटन्स (केबलमध्ये विद्युतभार साठणं), इंडक्टन्स (करंटच्या चढउताराला होणारा विरोध), शील्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं आवरण), प्लगची पकड यांना काहीच किंमत नाही? डॅक (डिजिटल सिग्नल ॲनालॉग करणारं यंत्र) आणि ॲम्प (ॲम्प्लिफायर) यांच्यामधली, सिग्नल नेणारी आरसीए केबल बदलली, आणि तानपुऱ्याची जवारी अशी मोकळी झाली की घरातल्यांनीही विचारलं. हा भास म्हणायचा का?

शंकासुर
भास म्हणत नाही, पण एक विचारतो. जुनी केबल परत लावून ऐकलंत का? जुना प्लग उपसून नवा खोचताना सॉकेटवर साचलेला ऑक्साइडचा थर घासला जातो. सैल, काळवंडलेला कॉन्टॅक्ट सुधारला की आवाज खरोखरच सुधारतो, श्रेय मात्र नव्या केबलला मिळतं. शिवाय आवाजाची पातळी मीटरने जुळवली होती का? अर्धा डेसिबल जास्त असला तर तो 'मोठा' वाटत नाही, 'स्वच्छ' वाटतो.

कोमल निषाद
म्हणजे डोळे बांधून परीक्षेला बसा! अशा ताणात कोण गाणं ऐकतं? बारकावे निवांत ऐकतानाच कळतात.

शंकासुर
निवांतच ऐका की. घरातल्या कुणाला तरी केबल बदलायला सांगा, कोणती लावली ते तुम्हाला कळू देऊ नका. हवा तेवढा वेळ घ्या, मग ओळखा.

तबकडी
दोघांचंही एका ठिकाणी चुकतंय. रेकॉर्ड प्लेयरला केबलने फरक पडतो, आणि तो मोजताही येतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (सुईबरोबर चुंबक हलतो तिचा) इंडक्टन्स साधारण ५०० मिलिहेन्री धरा. केबल आणि फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) मिळून कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड असेल तर रेझोनन्स (आवाज जिथे फुगतो ती फ्रिक्वेन्सी) १६ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. लांब केबल टाकून कपॅसिटन्स ४०० केलात की रेझोनन्स थेट ११ किलोहर्ट्झवर! झांजा कर्कश व्हायला लागतात आणि त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सींचा तलमपणा जातो. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजला (चुंबकाऐवजी कॉइल हलते तिला) ही भानगड नाही, तिचा इंडक्टन्स नगण्य असतो.

कोमल निषाद
बघा! केबलने फरक पडतो हेच मी सांगत होते.

तबकडी
पडतो, पण तो आखूड आणि कमी कपॅसिटन्सच्या केबलने. तसली साधी केबलही मिळते. महागडी, जाडजूड केबल इथे उलट वाईट ठरू शकते. तुमचा डॅक तर असला फरक जाणवूही देणार नाही, त्याचा आउटपुट इम्पीडन्स (सिग्नल बाहेर देताना होणारा अडथळा) फार कमी असतो.

खर्ज
तबकडींचा मुद्दा मान्य, माझ्या यादीत तो हवा. पण चांदीची तार, तापवून 'मुरवलेली' केबल, यूएसबीचे सोनेरी प्लग... यांचं असं गणित कुणीतरी मांडून दाखवावं.

नवखा
मधेच विचारतो, राग नसावा. टीव्ही ॲम्पला जोडल्यापासून सबवूफर सारखा घुमतोय, आवाज शून्यावर ठेवला तरी. जाड शील्डची केबल घेऊ का?

तबकडी
आधी टीव्हीची डिश किंवा केबलची वायर काढून बघा. घुमणं थांबलं तर तो ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगला एकाहून जास्त वाटा मिळून झालेलं वेटोळं. शील्ड कितीही जाड घेतलं तरी तो जात नाही.

खर्ज
लूपच निघाला तर टीव्हीपासून ॲम्पपर्यंत ऑप्टिकल केबल टाका. तिच्यात धातूची तारच नसते, त्यामुळे तिथला लूप तुटतो. ॲम्पला ऑप्टिकल इनपुट नसेल तर डिशच्या वायरीवर आयसोलेटर (धातूची सलग जोडणी तोडणारा जोड) लावा. टीव्ही, ॲम्प, सबवूफर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊनही बघा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र काढू नका. कुणीही सांगितलं तरी नाही, शॉक बसायचा धोका असतो.