गागाने मडोनाची चाल उचलली का? ठरवायचं कसं?

रविवारचा_श्रोता
लेडी गागाचं 'बॉर्न धिस वे' (2011) म्हणजे मडोनाच्या 'एक्स्प्रेस युअरसेल्फ'ची (1989) नक्कल, हा वाद काही मिटत नाही. मडोनाने तर 2012च्या दौऱ्यात दोन्ही गाणी एकात एक गुंफून गायली. नेमकं सारखं काय आहे? आणि ब्रिटनीच्या 'टॉक्सिक'ला मग काय म्हणायचं?

कोमल_निषाद
आधी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आणि चाल वेगळी करा. दोन्हीकडे सा, कोमल नी, म, परत सा या स्वरांवरचे मेजर कॉर्ड फिरतात. रॉकमध्ये हा क्रम पोत्याने सापडेल, त्यावर कुणाची मालकी नाही. म्हणूनच 'एकावर एक गाता येतात' हा पुरावा फसवा.

गागाचं गाणं 124 बीपीएमचं (मिनिटाला इतके ठोके), मडोनाचं 115च्या आसपास. ॲपमध्ये दोन्ही एका लयीत आणा, पण पिच (स्वराची उंची) लॉक करून. नाहीतर वेगाबरोबर पट्टीही सरकते. मग पट्टी एक करा आणि पेटीवर फक्त गायलेली ओळ वाजवा, डाव्या हाताला सुट्टी. सरगम लिहिताना स्वर कितव्या मात्रेवर पडतो तेही लिहा, बहुतेक जण तिथेच चुकतात. माझ्या मते धृपदाची ओळ खरंच जवळ येते, कडवी नाहीत. शिवाय मडोनाचं गाणंही स्लाय अँड द फॅमिली स्टोन या जुन्या अमेरिकन बँडला केलेला सलामच आहे!

श्रेयनामावली
'टॉक्सिक' हे प्रकरणच निराळं. त्यातले व्हायोलिनचे तुकडे 'एक दूजे के लिए'मधल्या (1981) 'तेरे मेरे बीच में'चे, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. मूळ ध्वनिमुद्रणातून कापून घेतलं की तो सॅम्पल: मुद्रणाची आणि रचनेची, अशा दोन परवानग्या लागतात. तीच चाल नव्याने वाजवली तर रचनेची पुरते.

गाणं लिहिलं कॅथी डेनिस आणि तिघा स्वीडिश मंडळींनी, आधी देऊ केलं होतं काइली मिनोगला. तेव्हा ब्रिटनीची मौलिकता शोधायची तर गायकीत शोधा.

आणि नंतर जोडलेलं नाव म्हणजे चोरीची कबुली नव्हे. ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या 'गुड फॉर यू'वर (2021) पॅरामोर या रॉक बँडच्या दोघांची नावं गीतकार म्हणून प्रकाशनानंतर काही महिन्यांनी आली. 2015च्या 'ब्लर्ड लाइन्स' निकालानंतर (त्या गाण्याने मार्विन गेच्या गाण्याची नक्कल केल्याचं ज्यूरीने ठरवलं) कंपन्या कोर्टापेक्षा श्रेयाची वाटणी पत्करतात.

उलटतपासणी
वाटणी न पत्करता लढलेलं उदाहरण केटी पेरीचं 'डार्क हॉर्स'. वाद रॅपर फ्लेमच्या 'जॉयफुल नॉइज'शी, आठ स्वरांच्या फिरत्या तुकड्याचा. कोमल ग चार वेळा, रे दोनदा, इथवर दोन्ही गाणी सारखी. 2019 मध्ये ज्यूरीने सुमारे 28 लाख डॉलरची भरपाई ठरवली, 2020 मध्ये न्यायाधीशांनी निकाल फिरवला, 2022 मध्ये अपिलातही तेच टिकलं. इतके साधे स्वर कुणा एकाचे नाहीत.

बियॉन्सेच्या 'काउंटडाउन'ला (2011) मात्र पेटीची ही चाचणी लावून उपयोग नाही. तिथे आक्षेप व्हिडिओवर होता: बेल्जियमच्या ॲन तेरेसा डे केर्समाकर यांच्या नृत्यरचनांमधल्या हालचाली आणि चौकटीसुद्धा त्यात दिसतात. बियॉन्सेने प्रेरणा मान्य केली, पण गाण्याच्या श्रेयात नृत्यदिग्दर्शकाला रकानाच नसतो.