व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) वाढवले आणि व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) उलट स्लो झाली, असं का?

प्रश्न:
होस्टला (ज्यावर व्हीएम चालतात त्या मूळ मशीनला) ८ कोर १६ थ्रेड आहेत, केव्हीएम (लिनक्समधलं व्हर्च्युअलायझेशन) वापरतोय. एक लिनक्स व्हीएम फक्त कोड बिल्ड करायला आहे, ४ व्हीसीपीयूवर बरी चालायची, शिवाय एक डेटाबेसची आणि एक विंडोज १० प्रो. बिल्ड लवकर होईल म्हणून पहिलीला १६ केले तर आता सगळंच अडखळतंय, बिल्डला पण आधीपेक्षा जास्त वेळ लागतोय. रॅम पुरेशी आहे. आणि विंडोजला ८ दिलेत तरी ते २ च वापरतंय, हे काय?

उत्तर १:
बिल्ड चालू असताना त्या व्हीएममध्ये टॉप कमांड लावून 'एसटी'चा आकडा (टक्क्यांत) बघा. तो स्टील टाइम, म्हणजे व्हीएमला काम करायचं होतं पण होस्टकडे तेव्हा सीपीयू मोकळा नव्हता. १६ थ्रेड म्हणजे १६ कोर नव्हेत, एका कोरवरचे दोन थ्रेड तोच कोर वाटून घेतात, त्यात होस्टला स्वतःला आणि डिस्क-नेटवर्कच्या कामाला पण सीपीयू लागतोच. आणि खरा घोळ लॉकचा असतो, एका व्हीसीपीयूने कर्नलमधला लॉक (एका वेळी एकालाच मिळणारा ताबा) धरलाय आणि नेमकं त्यालाच होस्टने बाजूला बसवलं की बाकीचे नुसते वाट बघत सीपीयू जाळतात. ६ वर आणून बघा.

उत्तर २:
विंडोजचं कारण वेगळंय. तुमचे ८ व्हीसीपीयू ८ सॉकेट (म्हणजे ८ वेगळ्या सीपीयू चिप) म्हणून दिसत असणार, आणि १० प्रो २ च सॉकेट वापरतं, होम तर १ च. टोपोलॉजीत (व्हीएमच्या सॉकेट-कोरच्या मांडणीत) १ सॉकेट ४ कोर करा, ८ ची गरज आहे का तेही बघा. सीपीयू मॉडेल होस्ट-पासथ्रू (होस्टचा सीपीयू आहे तसा व्हीएमला दाखवणारं) ठेवा, काही डीफॉल्ट मॉडेलमध्ये एईएस वगैरे एन्क्रिप्शनच्या सूचना मिळत नाहीत मग एन्क्रिप्शन उगाच हळू होतं.

प्रश्नकर्ता:
एसटी २५ च्या वर होता!! ६ केल्यावर २ च्या आत आलाय, बिल्ड ४ वाल्यापेक्षा पण लवकर झालं. विंडोजला पण आता चारही दिसतात. खूप आभार दोघांचे. ऑफिसात केव्हीएमऐवजी व्हीएमवेअर आहे, तिथे हेच कुठे बघायचं?

उत्तर ३:
तिथे सीपीयू रेडी (व्हीसीपीयू तयार असून सीपीयूची वाट बघण्यात गेलेला वेळ) बघा. रिअल-टाइम चार्टचा एक नमुना २० सेकंदांचा असतो, म्हणून एका व्हीसीपीयूला १००० मिलिसेकंद रेडी म्हणजे ५ टक्के. पूर्ण व्हीएमचा आकडा असेल तर व्हीसीपीयूच्या संख्येने भागा, नाहीतर उगाच घाबराल. को-स्टॉप (एका व्हीसीपीयूला बाकीच्यांसाठी थांबवून ठेवलेला वेळ) पण चढलेला दिसला तर आधी व्हीसीपीयू कमी करून बघा.