नोट्सचं ॲप आधी निवडायचं की फाइल? आणि दोन कॉम्प्युटरांत त्या सारख्या कशा ठेवायच्या?

उद्यमबागवाला

कुठलं ॲप चांगलं यावर लोक भांडतात, मला ते उलटं वाटतं. आधी फाइल कसली ते ठरवा, ॲप मागाहून.

आमचं जॉबवर्कचं काम. कुठल्या कास्टिंगला बोअर किती ठेवायचा, गिऱ्हाइकानं फोनवर ड्रॉइंगमध्ये काय बदल सांगितला, कुठल्या इन्सर्टनं फिनिश बरं आलं, सगळं नोट्समध्ये असतं. शेडमध्ये विंडोज, टिळकवाडीत घरी लिनक्सचा लॅपटॉप. दोन्हीकडे एकच फोल्डर, त्यात मार्कडाउनच्या (मथळा, ठळक वगैरे साध्या खुणांनी दाखवायची पद्धत) साध्या फाइली, आणि त्या इकडून तिकडे न्यायला सिंकथिंग, म्हणजे दोन मशीनवरचं फोल्डर थेट सारखं ठेवणारं ॲप. वर ऑब्सिडियन हे नोट्स लिहायचं ॲप लावलंय, पण ते उद्या बंद पडलं तरी फाइल नोटपॅडमध्ये उघडतेच की.

एव्हरनोट या नोट्सच्या ॲपचं बघा. 2008 पासून लोकांनी त्यात सगळं भरलं, पुढे कंपनीचा मालक बदलला आणि डिसेंबर 2023 पासून फुकटवाल्यांना 50 नोट्स आणि एक नोटबुक. जुनं गेलं नाही, पण नवी नोट लिहायची तर पैसे मोजा.

निपाणीची मास्तरीण

दादा, तुम्हाला मशीन उघडून बघायची हौस आहे. मला नाही ओ. शाळेतल्या कॉम्प्युटरवर मला काही इन्स्टॉल करायची परवानगीच नाही. तिथं ब्राउझरमध्ये उघडेल तेच माझं ॲप. मायक्रोसॉफ्टच्या वननोटमध्ये फळ्याचा फोटो टाकते, त्यावर बोटानं खुणा करते, घरी येऊन त्याच पानावर उद्याच्या पाठाची टाचणं लिहिते. लॉगिन केलं की झालं. फुकटच्या 5 जीबीत अजून भरपूर जागा आहे. फोल्डर, मार्कडाउन, सिंकथिंग हे सगळं शिकायचं कशासाठी? पन्नास वर्षांनी माझी टाचणं कोण वाचणार आहे?

उद्यमबागवाला

ब्राउझरचा मुद्दा बिनतोड, मॅडम. पण त्याच कंपनीनं 'वननोट फॉर विंडोज 10' 14 ऑक्टोबर 2025 ला बंद केलं. त्या दिवसापासून त्यात नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही.

निपाणीची मास्तरीण

मग दुसरं वननोट उघडलं. नोट्स तिथं होत्याच. तुमच्या सिंकथिंगचं अँड्रॉइडवरचं अधिकृत ॲपही डिसेंबर 2024 मध्ये बंद झालं, ते बरं नाही सांगितलंत! आणि आयफोनवाल्यांना अधिकृत ॲप कधी मिळालंच नाही.

जांबोटीकडचा

मॅडमना माझं एक मत. आणि सिंकथिंगची खरी गोम कुणी बोलायलाच तयार नाही. मध्ये सर्व्हर नसतो, म्हणजे दोन्ही मशीन एकाच वेळी चालू पाहिजेत. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही, रेंज तर त्याच्याही आधी जाते. खानापुरात दुकानातला कॉम्प्युटर बंद करून मी निघतो, घरी पोचून लॅपटॉप लावतो. दोघांची गाठ पडणार कधी? मग एकच फाइल दोन्हीकडे बदलली जाते आणि फोल्डरात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' नावाची दुसरी प्रत येऊन बसते. कुठली खरी ते वाचत बसा. ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह याला बरे. दुकानातून वर जातं, घरी रेंज आली की खाली येतं.

उद्यमबागवाला

त्याला उपाय तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइडचं मूळ ॲप बंद झालं तरी त्याचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून दुसऱ्यांनी चालवलेली आवृत्ती, चालू आहे. तो फोनवर टाका. दुकानाच्या वायफायवर फोन नोट्स घेतो, घरच्या वायफायवर लॅपटॉपला देतो. इंटरनेट नसलं तरी चालतं, राउटरला लाइट असली की पुरे.

कॉन्फ्लिक्टचं म्हणाल तर एकच लांबलचक फाइल दोन्हीकडून लिहू नका. दुकानातल्या रोजच्या नोंदीला 'दुकान' आणि तारीख, घरच्या नोंदीला 'घर' आणि तारीख, अशी नावं द्या. भांडण उरतच नाही.

चिकोडी कोर्टातून

दोघंही एक गोष्ट विसरलात: कुलूप. माझ्या नोट्समध्ये पक्षकारांची नावं, सर्व्हे नंबर, पहाणी आणि फेरफारावरचे शेरे असतात. उद्यमबागवाल्यांच्या फाइली वाटेत सुरक्षित आहेत हे कबूल, पण लॅपटॉप बसमध्ये राहिला आणि डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डाशिवाय वाचता येणार नाही अशी) केलेली नसली तर त्या उघड्या पडल्या. आणि वननोट कंपनीच्या सर्व्हरवर.

मी जॉपलिन हे नोट्सचं ॲप वापरतो. मुक्त सॉफ्टवेअर आहे, एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (चावी फक्त आपल्याकडे) चालू केलं की ड्रॉपबॉक्सवर ठेवलं तरी तिथं कुणाला वाचता येत नाही. पासवर्ड मात्र विसरायचा नाही, तो परत मिळवून देणारं कुणी नाही.

उद्यमबागवाला

वकीलसाहेब, जॉपलिन आपल्या नोट्स साध्या फाइलींत नव्हे, एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. सिंकच्या जागी पाठवतं त्या फाइलींची नावं म्हणजे 32 आकडे-अक्षरांची रांग. ॲपशिवाय त्यातून काय शोधणार?

चिकोडी कोर्टातून

शोधायचं कशाला? 'एक्स्पोर्ट' दाबा, मार्कडाउनच्या फाइली मिळतात, नावासकट. महिन्याच्या शेवटी तेवढं करून ठेवायचं. तुमचा हट्ट मला महिन्यातून एकदाच पुरतो.

शहापूर डीटीपी

आता माझं ऐका, कारण शेवटी सगळे माझ्याकडेच फाइल घेऊन येतात. ॲप कुठलंही घ्या, मराठी शोधता येते का ते आधी बघा. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ घालतात, काही साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारी खूण. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. फोनवर लिहिलेली नोट कॉम्प्युटरवर शोधायला जावं तर 'काही सापडलं नाही'. लोक म्हणतात सिंक बिघडलं. सिंक कुठलं बिघडलंय, नोट समोर बसलीये!

आमच्या भागात तर आणखी घोळ. जुन्या नोट्स श्री-लिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरात, कन्नडमधल्या तशाच नुडीत. युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या त्या फाइली आधी बदलून घ्याव्या लागतात, नाहीतर मराठीही नाही, कन्नडही नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

आणि लिनक्सवाल्यांनो, फाइलचं नाव तिथं 255 बाइटांत बसावं लागतं. देवनागरीचं एकेक अक्षर 3 बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजतात. म्हणजे हाती साधारण 85. विंडोजवर अख्खं वाक्य नाव म्हणून दिलंत तर ती फाइल लॅपटॉपवर यायचीच नाही.

उद्यमबागवाला

ऱ चं दुखणं साध्या फाइलींत तरी बरं होतं. सगळ्या फोल्डरवर एकदाच 'शोधा आणि बदला' चालवायचं. वननोटमध्ये पानोपान करत बसणार का?

निपाणीची मास्तरीण

मी 'दुस' एवढंच शोधते. सापडतं.

शहापूर डीटीपी

मॅडमचा उपाय फुकट आहे, माझ्या धंद्याला वाईट.

जांबोटीकडचा

खिशातल्या फोनचं पटलं, करून बघतो. पण एक सांगा: घरच्या लॅपटॉपवर पोरानं चुकून फोल्डर उडवलं तर दुकानातलंही उडणार ना?

उद्यमबागवाला

उडणार. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, पुसलेलंही तितक्याच इमानदारीत पोचवतं. दुकानातल्या मशीनवर त्या फोल्डरच्या सेटिंगमध्ये 'फाइल व्हर्जनिंग' चालू करा. दुसरीकडून पुसलेली फाइल तिथं बाजूला ठेवली जाते. शिवाय पेनड्राइव्हवर एक प्रत घ्या, आणि तो पेनड्राइव्ह मशीनला लावून ठेवू नका.

चिकोडी कोर्टातून

पेनड्राइव्हलाही पासवर्ड घाला म्हणजे झालं.