प्रीमियर पद्मिनीच्या सीट दुरुस्त कराव्यात की बदलाव्यात? सल्ला हवा

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. घरात १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आहे, वडिलांनी घेतलेली. इंजिनाचं काम कराडातल्याच एका जुन्या मिस्त्रींनी फार मनापासून करून दिलं, रंगही बरा आहे. अडलंय ते सीटपाशी. पुढची सीट सलग बाकाची, गिअर स्टिअरिंगला. ड्रायव्हरच्या बाजूला ती इतकी खचली आहे की एक स्प्रिंग मांडीला टोचते. मागच्या सीटची पाठ वरच्या कडेला, काचेतून ऊन येतं तिथे, तडकून फाटली आहे. सीटखाली काथ्याचा भुगा पडतो आणि पावसाळ्यात गाडीत कुबट वास येतो.

एक कुशनवाला म्हणाला, "स्प्रिंगा काढून टाका, सगळा फोम भरून देतो." गॅरेजमधला मुलगा म्हणतो, भंगारातून नव्या गाडीच्या दोन सुट्या सीट आणून बसवू, डोकं टेकायची सोयही होईल. मला गाडी मूळ रूपात हवी आहे, पण ती शोभेसाठी नाही, चालवायची आहे. आईने सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात. तिला सहज चढता-उतरता यावं आणि कोल्हापूरपर्यंत आरामात बसता यावं, एवढी इच्छा आहे. ज्यांनी अशी कामं केली किंवा करून घेतली आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

लाल मातीतला

वाचतोय. माझ्याकडेही फियाट, म्हणजे आपली पद्मिनीच, आहे, कुडाळला. दमट हवेत हाच त्रास.

जुना सांगाडा

स्प्रिंगा काढू नका. हे आधी सांगतो, बाकीचं सावकाश.

या सीट थरांच्या असतात. खाली लोखंडी सांगाडा आणि स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, मग काथ्याची गादी, वर कापसाचा किंवा फोमचा पातळ थर आणि शेवटी रेक्झिन. वजन आणि धक्का स्प्रिंगा घेतात. काथ्या ते वजन सगळीकडे पसरवतो. मधलं गोणपाट दिसायला क्षुल्लक, पण स्प्रिंगा काथ्यात घुसू नयेत म्हणून तेच आडवं उभं असतं. ते घामाने, ओलीने कुजलं की स्प्रिंगा वर येतात, काथ्याचा भुगा करतात आणि मांडीला टोचतात. तुमचं वर्णन वाचून मला तोच प्रकार वाटतो. म्हणजे सीट मेलेली नाही, मधला एक थर गेला आहे.

स्प्रिंगांच्या जागी नुसता फोम भरला तर त्याला खालून आधार उरत नाही. मग आधारासाठी प्लायवूड टाकतात आणि खड्ड्यातला दणका थेट कमरेत येतो. वर सीट उंच होते ती वेगळीच. फियाटचं स्टिअरिंग मोठं, बैठक थोडी वर आली तरी मांड्या त्याला घासू लागतात. आईंच्या कमरेसाठी तर मी स्प्रिंगाच ठेवीन.

आधी फक्त पुढची सीट गाडीतून काढा आणि कव्हर उसवा. फाडू नका. कव्हर तारेच्या छोट्या कड्यांनी सांगाड्याला अडकवलेलं असतं, त्या पकडीने एकेक उघडायच्या. शिवणीतून जाणाऱ्या लांब तारा जपून ठेवा, बैठकीचा आकार त्यांच्यामुळे बसतो. प्रत्येक तुकड्यावर मागच्या बाजूने नंबर आणि दिशा लिहा, मोबाईलवर फोटो काढा. आत काय निघतं ते इथे टाका, मग पुढचं बोलू.

मेधाताई, लेस्टर

इकडे आमच्याकडे मॉरिस मायनर आहे. तिची कव्हरं वेगवेगळ्या वर्षांच्या मॉडेलप्रमाणे तयार मिळतात, पट्ट्यांच्या डिझाइनसकट. फियाटसाठी बाजारात जी तयार कव्हरं दिसतात ती वरून चढवायची असतात, मूळ कव्हर नव्हे. म्हणून जुन्या कव्हरचा चिंधी झालेला तुकडासुद्धा टाकू नका. तुमचं मापं घेण्याचं साधन तेच आहे. डोकं टेकायच्या सोयीचा मुद्दा मात्र मला महत्त्वाचा वाटतो. मागून धडक बसली तर मानेला आधार लागतोच. मूळ सीट ठेवणार असाल तर ही उणीव जाणून हायवेला वेग आणि अंतर तसं ठेवा.

पेठेतला फियाटवाला

भंगारातल्या सुट्या सीटचा नाद सोडा. त्यांचे रेल आणि बोल्टची भोकं पद्मिनीच्या फ्लोअरला जुळत नाहीत. मग फ्लोअरला नवी भोकं, पट्ट्या, वेल्डिंग. जुन्या पत्र्यावर केलेल्या अशा जोडकामावर माणसाचं वजन सोपवायला माझं मन धजत नाही.

आणखी एक. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे. तुमची गाडी १९८२ ची, म्हणजे २०३२ मध्ये तिथे पोहोचेल. आज फ्लोअर कापून तो प्रश्न कशाला ओढवून घ्यायचा?

कारागिरांचं म्हणाल तर जुन्या टॅक्सीवाल्यांना विचारा. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होत्या. त्यांच्या सीट वर्षानुवर्षं बांधणारे हात अजून आहेत, कुर्ल्याकडे चौकशी करा. पुण्यात नाना पेठेत विचारा. तुमच्या जवळ कोल्हापूरचं उद्यमनगर आहेच. चकाचक दुकानापेक्षा रिक्षाचे हूड शिवणारा म्हातारा कारागीर पाहा, रेक्झिनवर त्याचा हात बसलेला असतो.

विदर्भी ऊन

रंग निवडताना काळा घेऊ नका. नागपुरात मे महिन्यात काळ्या रेक्झिनवर बसणं म्हणजे शिक्षा आहे. फिकट बदामी किंवा राखाडी घ्या. कडेला रेक्झिन आणि बसायच्या भागात जाड कापड हा मेळही चांगला, घाम शोषला जातो. मागची पाठ पुन्हा तडकू नये म्हणून काचेला पडदा आणि गाडी सावलीत, दुसरा उपाय नाही. उन्हाने रेक्झिनमधला मऊपणा देणारा घटक निघून जातो आणि ते पापडासारखं होतं. पुसायला पेट्रोल, थिनर तर अजिबात नको, त्यानेही तेच होतं. साबणाचं पाणी आणि ओला फडका पुरे.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सीट उघडली. जुना सांगाडा काका, तुमचा अंदाज खरा निघाला. ड्रायव्हरच्या बाजूचं गोणपाट हात लावताच गळून पडलं. एक स्प्रिंग तुटली आहे, दोन हुकातून सुटल्यात. सांगाड्याच्या खालच्या पाइपावर गंज आहे, पण पाइप आरपार खाल्लेला नाही. डाव्या बाजूचा काथ्या अजून चांगला आहे. तुटलेली स्प्रिंग वेल्डिंग करून चालेल का? फोम किती डेन्सिटीचा घ्यायचा? आणि मागच्या पाठीचं नुसतं ठिगळ लावून भागेल का?

जुना सांगाडा

फार चांगली बातमी आहे, सांगाडा शाबूत म्हणजे सीट वाचली.

स्प्रिंगला वेल्डिंग नको. तापली की तिची लवचीकता जाते आणि जोडाशेजारीच पुन्हा तुटते. त्याच जाडीची, त्याच लांबीची स्प्रिंग दुसऱ्या जुन्या सीटमधून मिळवा. भंगारवाल्याकडे जायचं तर ते यासाठी. सुटलेल्या दोन हुकात बसवा, हूक मात्र घट्ट करून घ्या. पाइप वायर ब्रशने घासून गंज काढा, रेड ऑक्साइडचा हात द्या, वर ऑइल पेंट. पूर्ण वाळल्याशिवाय गोणपाट चढवू नका, नाहीतर ओल आतच कोंडते.

गोणपाट नवीन, जाड विणीचं घ्या. डावीकडचा काथ्या चांगला असला तरी अर्धा जुना अर्धा नवा ठेवला तर बाक एका अंगाला कलतो. सलग नवीन गादी टाका. रबर लावलेल्या काथ्याचे तक्ते गादीवाल्यांकडे मिळतात, कापून बसवता येतात. त्यावर फोमचा पातळ थर. बैठकीला ४० ची डेन्सिटी (म्हणजे घनमीटरला ४० किलो), पाठीला ३२ ची पुरते. डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून तुकडा हातात दाबून, शक्य झालं तर आईंना त्यावर बसवून घ्या. आईंसाठी उंचीही तेव्हाच ठरवा. त्या बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि उठताना गुडघे कमरेच्या वर नसावेत. मोकळ्या सीटची उंची मोजून काही कळत नाही, माणूस बसल्यावर ती दबते.

मागच्या पाठीला ठिगळ टिकणार नाही. एका जागी ब्लेडने कापलं गेलं असतं तर आतून कापड चिकटवून भागलं असतं. उन्हाने कडक झालेलं रेक्झिन ठिगळाच्या शेजारी फाटतं. पाठीचा वरचा पूर्ण पट्टा बदला. जुन्या शिवणीपाशीच जोड घेतला तर तो कळत नाही. मागची बैठक चांगली असेल तर तिला हातही लावू नका.

शिवताना धागा पॉलिएस्टरचा, सुती नको. टाका जरा लांब, चार-पाच मिलिमीटरचा. बारीक टाक्याने रेक्झिनला भोकांची रांग पडते आणि तिथूनच ते उसवतं. कव्हर चढवायच्या आधी थोडा वेळ उन्हात ठेवा. ते मऊ पडतं आणि कोपऱ्यांवर सुरकुती न येता बसतं.

लाल मातीतला

काका, आमच्याकडे काथ्यात उंदीर शिरतात. त्याला काही?

जुना सांगाडा

गाडीत खाण्याचे कण राहू देऊ नका. फ्लोअरला आणि पेडलपाशी जी भोकं उघडी आहेत ती रबरी बुचांनी बंद करा, उंदीर तिथूनच येतात. गाडी आठवड्यातून एकदा तरी हलवा.

कोयनाकाठ

स्प्रिंगसाठी उद्या उद्यमनगरला जातोय. रेक्झिन फिकट बदामी ठरलं. रोलचा पन्हा ५४ इंची असतो, असं दुकानदार म्हणाला. जुने तुकडे जमिनीवर त्या पन्ह्यात मांडून किती मीटर लागेल ते आज रात्री काढतो. कुशनवाल्याकडून माल आणि मजुरी वेगवेगळी लिहून घेईन.