हरणांसाठी दोराची ‘चाटायची फांदी’ आपल्याकडं चालेल का? (खानापूर तालुका, बेळगाव)

जांबोटी_माळ:
नमस्कार मंडळी. माझा आत्तेभाऊ अमेरिकेत मिशिगनला असतो. दिवाळीत आला तेव्हा त्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. झाडाला जाड तागाचा दोर बांधलाय आणि खालचं टोक पिंजून छातीच्या उंचीवर सोडलंय. रात्री पांढऱ्या शेपटीचं हरीण येतं, टोक चावतं, चाटतं, मग डोळ्याजवळची खाच त्यावर घासतं. तिकडं परवाना काढून हंगामात शिकार करतात, त्यासाठी ही तयारी. मला दोर आणि हरणाच्या मुताची एक बाटली देऊन गेलाय.

आमचं भाताचं शेत रानाला लागून आहे. भेकर, सांबर येतात. मला शिकार करायची नाही, कॅमेरा लावून पोरीला दाखवायचंय. पण गावातली दोघं म्हणाली, “तू दोर बांध, पुढचं आम्ही बघतो.” तेव्हापासून मन खातंय. आपल्याकडची जनावरं दोराला येतात का? आणि कायद्यात बसतं का?

कोर्ट_गल्ली:
वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नं शिकारीला बंदी आहे. व्याख्या कलम २(१६) मध्ये बघा. मारणंच नव्हे, फास लावणं, आमिष दाखवणं आणि तसा नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच धरला जातो. शेत तुमचं असलं तरी. त्या दोघांनी काही केलं तर पहिला प्रश्न दोर कुणी बांधला हाच येणार.

मलप्रभाकाठ:
दादा, मी हेमाडगा बाजूला १९ वर्षं रोजंदारीवर वॉचर होतो. तुमच्या दोराची जनावरांना गरजच नाही. त्यांची झाडं त्यांनी कधीच ठरवलेली असतात.

सांबराचा नर माजावर आला की मागच्या दोन पायांवर उभा राहून डोक्यावरच्या फांदीला तोंड घासतो. चितळाचा नरही असंच करतो. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यात खाच असते, तिच्यातला चिकट वास तो फांदीवर ठेवतो. भेकराला तशीच ग्रंथी कपाळावरही असते, पण ते बहुतेक जमिनीलाच तोंड घासतं.

आमच्या गस्तीच्या वाटेवर ओढ्याकाठी एक जांभूळ होतं. सकाळी गेलो की खाली आलेल्या फांदीची पानं चावून पिळल्यासारखी असायची, सालीवर ओला चकचकीत पट्टा, डहाळीच्या बेचक्यात दोन राठ तपकिरी केस. नाक जवळ नेलं की बोकडाच्या अंगासारखा वास. खाली चिखलात लोळण. त्या फांदीला मी कधी हात लावला नाही.

तुमच्या भावाकडचं हरीण वेगळं. त्याची फांदी वर्षभर चालते, माद्याही येतात. खालची माती खुरानं उकरणं मात्र जास्त माजाच्या दिवसांतलं. ती बाटली तर उघडूच नका. तिकडं हरणांना मेंदूचा एक रोग होतो, तो लाळेतून, मुतातून पसरतो. म्हणून काही राज्यांत खऱ्या मुताच्या बाटल्यांवर बंदी आहे. ते आपल्या मातीत कशाला?

आणि दोर बांधला की जनावराची जागा ठरते. फास लावणाऱ्याला तेवढंच हवं असतं. डुकरासाठी लावलेल्या क्लच वायरच्या फासात मी भेकराची गाभण मादी बघितलीय. तार मानेत रुतलेली, भोवतीची माती पायांनी गोल उकरलेली. सोडवेपर्यंत गेली. पोटातलं पिल्लू अजून हलत होतं. हे लिहिताना आजही हात थांबतो.

कॅमेरा स्वतःच्या बांधावर लावा, कमरेएवढ्या उंचीवर, उजेड न पडणारा. रानात परवानगीशिवाय नको, भीमगड तर २०११ पासून अभयारण्य आहे. फोटो ग्रुपवर टाकताना जागा सांगू नका. आणि त्या दोघांचं बोलणं गार्डच्या कानावर घाला.

जांबोटी_माळ:
काका, दोर गोठ्यात टाकला. बाटली सीलबंदच आहे, भावाला कळवलंय. गार्डशी आज सकाळीच बोललो.

काल पोरीला घेऊन आमच्या हद्दीतल्या ओढ्याला गेलो होतो. करंजाची एक फांदी पाण्यावर वाकलीय, तिचं टोक चावलेलं. पोरगी टाचा उंचावून वास घेऊन आली, म्हणाली, “बाबा, आपल्या शेळीसारखा येतोय.” कॅमेरा तिथून किती लांब ठेवू?

मलप्रभाकाठ:
दहा-बारा पावलं. वारा बघून लावा, आणि आठ दिवस तिकडं फिरकू नका.